‘पद्मकीर्ती’चा खरा वेग

शरच्चंद्र टिपणीसांची उंची पाच फूट साडेचार इंच. बत्तीस वर्षांपूर्वी स्थळ म्हणून त्यांची माहिती ज्या कागदावर गेली, त्यावर ती पाच फूट सात होती. कुंदाताईंच्या कागदावर ‘गायनाची आवड’ असं लिहिलेलं होतं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात कुंदाताईंनी नवऱ्याला आरशासमोर शेजारी उभं करून पाहिलं, टिपणीसांनी बायकोचं भावगीत एकदा पूर्ण ऐकलं, आणि दोघंही काही न बोलता संसाराला लागले.

पार्ल्यात यात कुणाला वावगं वाटत नाही. लिहिणाऱ्याने थोडं चढवून लिहायचं आणि वाचणाऱ्याने थोडं उतरवून वाचायचं, अशी रीतच आहे. जो खरं लिहितो त्याचंच नुकसान होतं, कारण त्याचंही उतरवूनच वाचलं जातं. टिपणीसांचा हात या कलेत असा काही बसला होता की त्यांच्या सोसायटीतलंच काय, अख्ख्या हनुमान रोडवरचं लग्नाळू पोर त्यांच्याकडून माहिती लिहून घ्यायला यायचं. घरी बसलेला मुलगा त्यांच्या हातून ‘स्वतंत्र सल्लागार’ होऊन बाहेर पडायचा. सहा नंबरचा चष्मा ‘नाममात्र’ व्हायचा. रागीट मुलगी ‘स्पष्टवक्ती’ व्हायची. पुढे त्या लग्नांचं काय झालं, याची चौकशी टिपणीसांनी कधी केली नाही. “आपलं काम कागदापुरतं,” असं ते म्हणत.

पोट भरण्यासाठीही ते हेच करत. अंधेरी पूर्वेला, चकाल्याच्या पुढे, काचेच्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर ‘नीलपद्म मरीन’ नावाची कंपनी होती. सात जहाजं सांभाळायची. त्या चौथ्या मजल्यावरून समुद्र दिसत नाही, मेट्रो दिसते आणि एका हॉटेलच्या मुदपाकखान्याचं धुराडं दिसतं. टिपणीसांना त्याचं दुःख नव्हतं. समुद्राशी त्यांचा संबंध एकदाच आला होता. वर्सोव्याहून मढला जाणाऱ्या होडीत. पाच मिनिटांचा तो प्रवास, पण त्यात त्यांनी सकाळचे पोहे खाडीला अर्पण केले आणि परत येताना मालाडला वळसा घालून दीड तास रिक्षाने आले. त्यानंतर एकतीस वर्षं त्यांनी जहाजं चालवली ती कागदावर.

जहाजाचंही माहितीपत्रक असतं. माल वाहायला जहाज भाड्याने घेणारा ते वाचून जहाज पसंत करतो. त्यात वय, लांबी, किती टन माल मावतो, किती वेगाने पळतं, हे सगळं असतं. ‘पद्मकीर्ती’ या जहाजाच्या पत्रकावर टिपणीसांनी लिहिलं होतं : वेग साडेतेरा नॉट, शांत समुद्रात, अंदाजे. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल. आणि ‘अंदाजे’ म्हणजे काय, हे ज्याला कळलं त्याला सगळा धंदा कळला.

‘पद्मकीर्ती’ चोवीस वर्षांची होती. चार मालक झाले होते, दर वेळी नाव बदललं होतं, इंजिन मात्र तेच राहिलं. सहा वर्षांपूर्वी त्या इंजिनाने हाय खाल्ली. तेव्हापासून ती नऊ नॉटने चालायची. नऊ नॉट म्हणजे तासाला सोळा-सतरा किलोमीटर, एखादा धडधाकट सायकलवाला तिला मागे टाकील. पण पत्रकावर साडेतेरा होते, आणि साडेतेरावर भाडं ठरलेलं होतं. म्हणून रोज दुपारी जहाजावरून येणारा अहवाल टिपणीस भाडेकऱ्याकडे पाठवताना त्यात दोन शब्द घालत : ‘प्रतिकूल प्रवाह’. जहाज पूर्वेला जावो की पश्चिमेला, वर की खाली, गेली सहा वर्षं जगातल्या झाडून सगळ्या समुद्रांचे प्रवाह एकट्या ‘पद्मकीर्ती’च्या विरुद्ध वाहत होते. आणि एवढ्या मोठ्या भूगोलाच्या चमत्काराबद्दल कुणीही, कधीही, एक प्रश्न विचारला नाही.

टिपणीसांच्या आयुष्यात खरं बोलण्याचा आग्रह धरणारं माणूस नव्हतंच. रविवारी सकाळी मंडईच्या तोंडाशी मासळी घेऊन बसणारी वर्सोव्याची प्रेमा तर नाहीच नाही. बावीस वर्षं टिपणीस तिच्याकडून मासळी घेत होते. बावीस वर्षं ते विचारत, “पापलेट ताजं आहे ना गं?” आणि बावीस वर्षं ती एकच उत्तर देई.

“सकालचाच हाय रं भावा. एकवीरा आयची आन. कल्ले उघडून बग.”

टिपणीस कल्ले उघडून बघत. ते कधी लाल असत, कधी तपकिरी असत. तपकिरी असले की टिपणीस काही न बोलता सुरमईकडे वळत आणि प्रेमाही आन विसरून सुरमईचा भाव सांगे. शपथ तोंडाने घ्यायची आणि खरं काय ते माशाने सांगायचं, असा दोघांचा व्यवहार होता, आणि तो नीट चालला होता.

या प्रेमाचा मुलगा निमेश. चौतिशीचा, दोन पोरांचा बाप. वर्सोव्याच्या बंदरात कुणाच्याही मासेमारी बोटीचं इंजिन अडलं की निमेशला हाक मारायचे. बोटींवर पुरेसे पैसे मिळेनात म्हणून त्याला मोठ्या जहाजावर जायचं होतं, तेव्हा प्रेमाने एका रविवारी पापलेटाबरोबर मुलालाही टिपणीसांच्या पुढ्यात घातलं. टिपणीसांनी त्याचा बायोडेटा लिहिला. ‘डिझेल इंजिनांचा पंधरा वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव’ असं लिहून ते थबकले. पुढे काय चढवावं ते सुचेना, कारण चढवण्यासारखं काही नव्हतं. पोराला खरंच सगळं येत होतं. तो कागद टिपणीसांना फिका वाटला, पण निमेश ‘पद्मकीर्ती’वर फिटर म्हणून लागला.

आता नौदलाचं. दोन वर्षांपूर्वी विमानतळाजवळच्या एका हॉटेलात नौदलाने व्यापारी जहाजांच्या कंपन्यांसाठी दिवसभराची कार्यशाळा घेतली होती. एडनच्या आखातात चाचे पुन्हा डोकं वर काढू लागले होते. पांढऱ्याशुभ्र गणवेशातला एक अधिकारी पडद्यावर नकाशे दाखवत सांगत होता, “आम्ही तुम्हाला हुकूम देऊ शकत नाही. जहाजं तुमची, निर्णय तुमचा. आम्ही विचारतो, सल्ला देतो, आणि शक्य तिथे सोबत करतो. सारख्या वेगाची जहाजं एकत्र करून गट सोडतो. गट अशा बेताने सुटतो की सगळ्यात वाईट पट्टा सगळ्यांनी मिळून पार करावा आणि आमची युद्धनौका जवळ असावी. पण ही सगळी आखणी तुम्ही दिलेल्या माहितीवर उभी असते. वेग चुकीचा सांगितलात तर तुमचं जहाज गटातून मागे पडेल. आणि हळू चालणारं, पाण्यालगतचं, एकटं जहाज चाच्यांना फार आवडतं.”

सभागृहात अंधेरी, पवई आणि बेलापूरच्या कंपन्यांचे साठ-सत्तर लोक होते. पहिला प्रश्न प्रमाणपत्र आजच मिळणार का, असा आला. दुसरा पार्किंगच्या शिक्क्याबद्दल होता. तिसरा प्रश्न टिपणीसांनी विचारला.

“सर, फॉर्ममध्ये वेगाच्या पुढे ‘अंदाजे’ लिहिलं तर चालेल का?”

“नाही,” अधिकारी म्हणाला.

टिपणीसांना हे उत्तर जरा उद्धट वाटलं. पण जेवणात सुरळीच्या वड्या चांगल्या होत्या, त्यामुळे ते विसरले.

यंदा तो फॉर्म भरायची वेळ ‘पद्मकीर्ती’वर आली. कांडल्याहून तांदळाची पोती भरून ती जिबूतीला निघाली होती, म्हणजे एडनचं आखात ओलांडणं आलं. नौदलाने गटात सामील व्हायचा सल्ला दिला आणि फॉर्म पाठवला. जहाजावर एकवीस माणसं होती. कप्तान भीमराज घाटकोपरचा. मोजकं बोलणारा, सरळ माणूस. त्याने टिपणीसांना दोन ओळींचा मेल केला : ‘टिपणीस साहेब, या फॉर्ममध्ये कृपा करून नऊच लिहा. हात जोडून सांगतो.’

कंपनीचा कारभार मालकांचा पुतण्या अनिरुद्ध बघायचा. परदेशात व्यवस्थापन शिकून आलेला, पायात मोजे न घालणारा. टिपणीस तो मेल घेऊन त्याच्या केबिनमध्ये गेले.

“साडेतेरा लिहा,” अनिरुद्ध म्हणाला.

“कप्तान म्हणतोय नऊ.”

“टिपणीस, तुम्ही इतकी वर्षं इथे आहात. एका कागदावर साडेतेरा आणि दुसऱ्यावर नऊ, असं चालतं का? उद्या हा फॉर्म भाडेकऱ्यांच्या हातात पडला तर? सहा वर्षांचं निघेल सगळं. तुमच्याच सहीचं आहे ना ते?”

हे खरं होतं. प्रतिकूल प्रवाहाखाली सही टिपणीसांची होती. निवृत्तीला चौदा महिने उरले होते, आणि एवढ्या काठाशी येऊन गटांगळी खायची त्यांची अजिबात इच्छा नव्हती. ते मेल घेऊन बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी रविवार. प्रेमाने सुरमईचे काप करता करता मान वर न करता विषय काढला.

“निमेसचा फोन आलता. बोल्ला, आय, इंजिन नवाच्या वर नेला का असा थरथरतंय का कप बशीन ऱ्हात नाय. बोल्ला, आता चोरांच्या दर्यातना जायाचा हाय.” सुरी थांबली. “मी बोल्लू, घोर नको करू. आपला टिपणीसभाव हाय ना हापिसान. तो बरोबर लिवल.”

“हो हो. सगळं व्यवस्थित आहे. नौदल आहे सोबतीला,” टिपणीस म्हणाले. सुरमई बिघडल्यासारखी वाटली त्यांना त्या दिवशी, पण ती ताजी होती.

सोमवारी सकाळी टिपणीस फॉर्म उघडून बसले. एकीकडे कप्तानाचे नऊ, दुसरीकडे अनिरुद्धचे साडेतेरा. अशा वेळी पार्ल्यातला माणूस काय करतो? तो सुवर्णमध्य काढतो. भाऊ-भाऊ भांडले, सून-सासू भांडल्या, सोसायटीत गच्चीवरून दोन तट पडले, की कुणीतरी वयस्कर गृहस्थ चहा पिऊन मधलं काहीतरी सुचवतो. ते कुणालाच पटत नाही, म्हणून ते न्याय्य ठरतं. टिपणीसांनी बेरीज केली, साडेबावीस. निम्मे केले, सव्वा अकरा. त्यातला पाव त्यांनी प्रामाणिकपणापोटी सोडून दिला आणि अकरा लिहिले. पाण्यापासून डेकपर्यंतच्या उंचीचाही एक रकाना होता. तिथे सवयीने अर्धा मीटर चढवला. उंची म्हटलं की त्यांचा हात आपोआप वर जायचा.

फॉर्म गेला. ‘अकरा नॉटचा गट, पहाटे पाचला प्रस्थान’ असं उत्तर आलं. कप्तान भीमराजचा एका शब्दाचा मेल आला : ‘अकरा?’ टिपणीसांनी त्याला एक प्रेमळ उत्तर लिहिलं, त्यात ‘सर्वतोपरी प्रयत्न’ आणि ‘आपल्या कौशल्यावर विश्वास’ असे शब्द होते. लिहिताना त्यांना स्वतःलाच धीर आला.

गुरुवारी सकाळी अकरा चाळीसला फोन वाजला. नौदलाच्या ज्या कक्षातून व्यापारी जहाजांवर लक्ष ठेवतात, तिथून एक बाई इंग्रजीत बोलत होत्या. लेफ्टनंट कमांडर समीक्षा असं नाव सांगितलं. टिपणीसांचं इंग्रजी दोन वाक्यं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, “सर, मराठीत बोला ना. मी मुलुंडची आहे.”

मुलुंड म्हणजे कर्जतच्या आधीचं एखादं स्टेशन, अशी पार्ल्याची समजूत. पण तिथल्या बाईंचा आवाज भलताच स्वच्छ होता.

“सर, ‘पद्मकीर्ती’ गटातून मागे पडतेय. तिथल्या घड्याळाने पहाटे पाचला निघाले, आता तिथे नऊ वाजून गेलेत. चार तासांत आठ मैल मागे आहे. आमच्या जहाजाने रेडिओवर विचारलं, तर कप्तान म्हणतात, तांत्रिक गोष्टींवर फक्त कंपनी बोलेल असा लेखी आदेश आहे. म्हणून तुम्हाला विचारते. इंजिनात बिघाड आहे का?”

“मी... मी बघून सांगतो, मॅडम.”

“दहा मिनिटांत सांगा.”

टिपणीसांनी अनिरुद्धला फोन लावला. तो जुहूला समुद्रासमोरच्या एका हॉटेलात बसला होता, आणि समोर नेमके ‘पद्मकीर्ती’चे भाडेकरीच जेवायला होते. तो उठून बाजूला आला असावा, कारण पाठीमागून लाटांचा आवाज येऊ लागला.

“तात्पुरता बिघाड म्हणून सांगा. दोन तासांत दुरुस्त होईल म्हणावं. आणि टिपणीस, काही लेखी देऊ नका.”

टिपणीसांना हायसं वाटलं. ‘तात्पुरता बिघाड’ हे शब्द चांगलेच होते. गोल, सभ्य, कुणाचाही अपमान न करणारे. त्यांनी स्वतः याहून बरं सुचवलं नसतं. त्यांनी फोन लावला.

“मॅडम, तात्पुरता बिघाड आहे. दोन तासांत...” आणि कधी नव्हे तो त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. “दोन तासांत दुरुस्त होणार असेल, तर तुम्ही काय करता?”

“मग सोपं आहे. गटाला थांबवायची गरज नाही. गट पुढे जाईल, आमचं जहाज गटाबरोबर जाईल. दुरुस्ती झाल्यावर ‘पद्मकीर्ती’ वेग वाढवून मागून गाठेल. तिच्या माहितीपत्रकावर कमाल वेग साडेतेरा आहे, मी बघितलंय. म्हणजे चार-साडेचारपर्यंत गाठेल. अंधार पडायच्या आत गाठायलाच हवं, सर, कारण वाईट पट्टा अंधारात आहे. बरोबर ना? साडेतेरा आहे ना?”

एकतीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी टिपणीसांचं लिखाण न उतरवता वाचत होतं. त्यातला आकडा जसाच्या तसा उचलून त्यावर एकवीस माणसं ठेवत होतं. दुरुस्त होण्यासारखं काही नव्हतं. ती नऊनेच चालणार होती. गट अकराने पुढे जाणार, आणि अंधार पडेल तेव्हा ती पंचवीस मैल मागे, एकटी. आणि पोटात, त्या थरथरणाऱ्या इंजिनापाशी, ज्याचा बायोडेटा त्यांनी आयुष्यात एकदाच खरा लिहिला होता तो निमेश.

“सर? लाइनवर आहात ना?”

टिपणीस खुर्चीवरून उठून उभे राहिले. का, ते त्यांनाही कळलं नाही.

“मॅडम, बिघाड नाहीये. तिचा वेगच नऊ आहे.”

“आत्ता नऊ आहे?”

“सहा वर्षांपासून नऊ आहे.”

बाईंनी अगदी हळू विचारलं, “मग फॉर्मवर अकरा?”

“ते मी लिहिलं. मधलं म्हणून.”

“कशाच्या मधलं?”

“खऱ्याच्या आणि आमच्या.”

“लेखी द्या, सर. पाच मिनिटांत. गट अजून हाकेच्या अंतरावर आहे.”

शेजारच्या टेबलावरची कार्मिक विभागाची मधुवंती तोंडाचा चंबू करून बघत होती. टिपणीसांनी मेल लिहायला घेतला. आयुष्यात पानंच्या पानं लिहिणाऱ्या या माणसाला दोन ओळी लिहायला घाम फुटला. ‘पद्मकीर्तीचा कमाल वेग नऊ नॉट, अंदाजे.’ मग त्यांनी ‘अंदाजे’ खोडलं. खोडल्यावर ते वाक्य उघडं पडल्यासारखं दिसत होतं. त्याखाली त्यांनी लिहिलं, ‘पाण्यापासून डेकची उंची फॉर्ममध्ये लिहिली त्याहून अर्धा मीटर कमी आहे. वरील चूक माझी.’ आणि नाव घातलं.

पुढे समुद्रावर काय झालं ते कप्तान भीमराजने परत आल्यावर सांगितलं. युद्धनौकेने रेडिओवरून गटातल्या बाकीच्या सात जहाजांना विचारलं, एका जहाजासाठी सगळ्यांनी वेग नऊवर आणला तर कुणाची हरकत आहे का? युद्धनौकेवर कुरकुर ऐकायची तयारी होती, कारण वेळ म्हणजे इंधन, आणि व्यापारी माणूस त्यावरून आईशी भांडेल. पण एका मिनिटात साती जहाजांनी कळवलं, हरकत नाही. दोघांनी मनापासून आभार मानले. आणि एका परदेशी कप्तानाने, अकरा नॉटची नोंदणी असलेल्या कप्तानाने, अत्यंत नम्रपणे विचारलं, साडेआठ जमेल का?

म्हणजे टिपणीस अंधेरीत एकटेच बसले नव्हते. जगभरातल्या काचेच्या इमारतींत, चौथ्या-पाचव्या मजल्यांवर त्यांचे सख्खे भाऊ बसले होते, आणि सगळ्यांनी मिळून एक अख्खा ताफा कागदावर पळवला होता. नौदल बिचारं विश्वासाने त्याच्यापुढे चाललं होतं.

संध्याकाळी दिवस मावळायच्या सुमाराला दोन वेगवान होड्या दिसल्या. युद्धनौकेवरून हेलिकॉप्टर उडालं, गटाभोवती फिरलं, होड्या वळून निघून गेल्या. मासेमारीवाले असतील, दुसरेही कुणी असतील. आठ जहाजं साडेआठ नॉटने, वरातीच्या चालीने, आखात पार करून गेली.

अनिरुद्ध जुहूहून परतला तेव्हा त्याचा चेहरा जेवण न मानवल्यासारखा होता. तो ओरडला नाही. परदेशात न ओरडता काढून टाकायला शिकवतात. पंधरा दिवसांत टिपणीसांची ‘प्रकृतीच्या कारणास्तव ऐच्छिक निवृत्ती’ ठरली. शब्द अनिरुद्धचे होते, पण वळण टिपणीसांचंच होतं, हे त्यांना मान्य करावं लागलं. निरोप समारंभाला शाल, श्रीफळ आणि मानपत्र असा बेत होता. कंपनीत आजवर निवृत्त झालेल्या प्रत्येकाचं मानपत्र टिपणीसांनीच लिहिलं होतं, त्यामुळे त्यांचंही त्यांनाच लिहायला सांगण्यात आलं. टिपणीसांनी लिहिलेलं आधी वाचून बघायची पद्धत कंपनीत नव्हती. मधुवंतीने ते थेट माइकवरून वाचलं.

“श्रीयुत शरच्चंद्र टिपणीस, उंची पाच फूट साडेचार इंच, यांनी एकतीस वर्षं या कंपनीची कागदपत्रं लिहिली. त्यांतला एक कागद खरा होता.”

टाळ्या झाल्या. मानपत्रातल्या प्रत्येक वाक्यानंतर टाळ्या वाजवायच्या असतात, म्हणून वाजवल्या. ऐकलं फक्त अनिरुद्धने, आणि तो बटाटेवडा खाऊ शकला नाही.

‘पद्मकीर्ती’ दोन महिन्यांनी विकली गेली. आता तिचं पाचवं नाव चालू आहे आणि नव्या पत्रकावर वेग साडेतेरा आहे, अंदाजे.

निमेश घरी आला त्यानंतरच्या रविवारी टिपणीस पिशवी घेऊन मंडईत गेले. रिकामपणामुळे नेहमीपेक्षा लवकर. प्रेमा टोपलीवर पाणी शिंपडत होती. तिला सगळं कळलेलं होतं, निमेशने आणि कप्तानाने मिळून सांगितलं होतं. पण तिने आभार मानले नाहीत, डोळ्याला पदर लावला नाही, फुकट मासळी देऊ केली नाही. टिपणीस मनातून थोडे खट्टू झाले. नोकरी गेली होती, निदान दोन शब्द तरी. ते नेहमीसारखे उकिडवे बसले आणि नेहमीचं विचारलं.

“पापलेट ताजं आहे ना गं?”

प्रेमाने तोंड उघडलं. ‘सकालचाच’ तिच्या ओठांवर आलेलं टिपणीसांना दिसलं. पण ती थांबली. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि टिपणीसांनी कल्ल्याकडे नेलेला हात मनगटाशी धरून बाजूला केला.

“नको नेव, भावा. कालचा हाय.”

टिपणीस तिच्याकडे बघतच राहिले. बावीस वर्षांत हे असं झालं नव्हतं. ते गुडघ्यावर हात टेकून उठले. मागे एक सोनेरी चष्म्याच्या बाई उभ्या होत्या, त्या पुढे सरकल्या.

“पापलेट ताजं आहे का?”

“सकालचाच हाय बाय,” प्रेमा म्हणाली. “एकवीरा आयची आन. कल्ले उघडून बग.”

टिपणीस रिकामी पिशवी घेऊन घरी आले. कुंदाताईंनी मसाला वाटून ठेवला होता.

“अहो, मासळी नव्हती का आज?”

“होती,” टिपणीस म्हणाले. “प्रेमाने मला दिली नाही.”

कुंदाताईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि वाटलेला मसाला झाकून ठेवला. त्या दिवशी पिठलं-भात झाला. टिपणीसांनी पिठलं तीनदा मागून घेतलं.